हिवाळ्याआधी गाडी तपासताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

थंडीची चाहूल लागली की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. या वेळच्या पत्रांत एक गोष्ट वारंवार दिसली : आधी भाग बदलला, पैसे गेले आणि बिघाड तिथेच राहिला. कारण मोजलं कुणीच नव्हतं. म्हणून खालच्या उत्तरांत शक्य तिथे आकडे दिले आहेत. मल्टिमीटर (व्होल्ट-अँपिअर मोजणारं यंत्र), टायरचं प्रेशर गेज आणि कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, प्रमाण मोजणारा हायड्रोमीटर, एवढी तीन साधनं घरात असली तर यातली निम्मी तपासणी तुमची तुम्हाला करता येईल.

प्रश्न : बॅटरी तीन वर्षांची आहे. दुपारी गाडी एका सेल्फमध्ये चालू होते. पहाटे मात्र सेल्फ ओढत ओढत फिरतो, कधी नुसताच कट-कट वाजतो. गॅरेजमध्ये ‘बॅटरी बदला’ म्हणतात. बदलावीच लागेल का?

कदाचित लागेल, पण आत्ताच ठरवू नका. बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ अंश सेल्सिअसला चांगल्या बॅटरीचीही सेल्फ फिरवायची ताकद जवळपास निम्म्यावर येते. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं आणि इंजिन फिरवायला जवळजवळ दुप्पट जोर लागतो. म्हणजे देणारा अशक्त आणि मागणारा जास्त मागतो. उन्हाळ्यात अर्ध्या ताकदीची बॅटरीही वेळ मारून नेते, थंडीत ते जमत नाही. पण हेच लक्षण गंजलेल्या टर्मिनलमुळे, ढिल्या अर्थिंगमुळे किंवा इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर कमी चार्ज करत असेल तरीही दिसतं. म्हणून क्रमाने मोजा.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सेल्फ मारण्याआधी घ्या. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही पोस्टवर (वर आलेल्या शिशाच्या खुंट्यांवर) टेकवा. १२.६ किंवा त्याहून जास्त म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामीच धरा. आकडा कमी आला म्हणून बॅटरी खराब ठरत नाही, ती फक्त भरलेली नाही. चार्जरवर पूर्ण भरा, काही तास तशीच राहू द्या आणि पुन्हा मोजा. पूर्ण भरूनही ती रात्रीतून १२.४ वर उतरत असेल तर एक तर बॅटरी आतून गेली आहे, नाही तर गाडी उभी असताना काहीतरी वीज खात आहे.

दुसरं माप सेल्फ मारताना. एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने मीटरकडे बघावं. भरलेली बॅटरी या वेळी ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. कडाक्याच्या थंडीत काटा थोडा आणखी उतरेल, पण ८ किंवा ७ वर कोसळला तर बॅटरीचं आयुष्य संपलं असं समजा.

तिसरं माप इंजिन चालू झाल्यावर. आता पोस्टवर १३.८ ते १४.७ दिसायला हवेत. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि पंखा लावल्यावर आकडा १३.५ च्या खाली घसरत असेल तर दोष अल्टरनेटरकडे किंवा त्याच्या पट्ट्याकडे आहे. अशा गाडीत नवी बॅटरी घातली तरी तीही महिन्याभरात बसेल. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या सांगण्यावरून मुद्दाम कमी-जास्त चार्ज करतो. तिथे हे माप सगळे दिवे लावूनच घ्या.

चौथं माप सहसा कुणी घेत नाही आणि चूक पुष्कळदा तिथेच सापडते. मीटरची एक सळई बॅटरीच्या शिशाच्या पोस्टच्या मध्यावर टेकवा, दुसरी त्याच पोस्टला पकडणाऱ्या क्लॅम्पवर. मग सेल्फ मारायला सांगा. दोन्हींमध्ये बोटभरही अंतर नाही, तेव्हा आकडा शून्याच्या आसपासच हवा. ०.१ व्होल्टच्या वर गेला तर तो सांधा वीज अडवतो आहे. क्लॅम्प काढून बघा : आतल्या बाजूला काळपट, राखाडी थर असतो. बाहेरून टर्मिनल चकचकीत दिसलं तरी आत तो असतो. साफ करताना आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्याने पांढरी-हिरवी बुरशी धुवा, झाकणांतून पाणी आत जाऊ देऊ नका. पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा, कोरडी करा. लावताना उलट क्रम : आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. पेट्रोलियम जेली घट्ट आवळून झाल्यावर वरून लावा, मध्ये नाही.

बाकीची तिन्ही मापं नीट असून बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर निगेटिव्ह वायर काढून मीटर अँपिअरवर मध्ये जोडा. दारं बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा, कारण गाडीतले संगणक झोपी जायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती ठीक. त्याहून जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर आकडा पडेल त्या वायरिंगवर चोर आहे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका आणि चावी ऑन करू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

बॅटरी घ्यावीच लागली तर लेबलवरचा ‘सीसीए’ हा आकडा गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतका किंवा जास्त हवा. उणे १८ अंशाला ३० सेकंद किती अँपिअर देऊन बॅटरी ७.२ व्होल्टच्या वर राहते, ते तो सांगतो. थंडीत अँपिअर-अवरपेक्षा, म्हणजे एकूण किती वीज साठते त्यापेक्षा, हा आकडा जास्त महत्त्वाचा. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर ‘एजीएम’ किंवा ‘ईएफबी’ प्रकारचीच बॅटरी लावा, साधी टिकणार नाही.

प्रश्न : जंपर केबल लावताना शेवटचं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला का लावायचं नाही? सगळे तिथेच लावतात.

शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असतो. ठिणगी बॅटरीपासून लांब पडावी म्हणून हा नियम. क्रम असा : लाल केबल बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या जाड धातूला. चांगली गाडी चालू करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. काढताना बरोबर उलटं.

त्याआधी बॅटरीचा डबा नीट बघा. बाजू फुगल्या असतील किंवा आत बर्फ दिसत असेल तर जंप मुळीच करू नका, बॅटरी फुटू शकते. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० पर्यंतही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे १० च्या आसपास गोठू लागतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी भरून ठेवायला सांगतात, त्याचं कारण हेच.

प्रश्न : टाकीत हिरवं कूलंट आहे, आता गुलाबी मिळालं. वरून भरलं तर चालेल का? आणि पाणी अजिबात न घालता निव्वळ कूलंट भरलं तर थंडीपासून जास्त संरक्षण मिळेल ना?

दोन्हींचं उत्तर नाही.

रंग हा नुसता रंग आहे. कुणी कोणता घालावा याचा पक्का नियम नाही, त्यामुळे दोन हिरवी कूलंट आतून वेगळी असू शकतात. गंज रोखणारी रसायनं कोणत्या घराण्यातली आहेत हे महत्त्वाचं. जुन्या सिलिकेटच्या कूलंटचं आयुष्य साधारण दोन वर्षं, सेंद्रिय आम्लांच्या कूलंटचं पाच किंवा जास्त. दोन्ही मिसळली की लांब आयुष्याचा फायदा जातो आणि काही जोड्यांत गाळ धरून रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. गाडीच्या पुस्तकात दिलेलं स्पेसिफिकेशन डब्यावर शोधा, रंग विसरा.

निव्वळ कूलंटबद्दलची समजूत तर नेमकी उलटी आहे. कूलंटचा मुख्य घटक असलेलं शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं. त्यात तितकंच पाणी घातलं की गोठणबिंदू सुमारे उणे ३७ पर्यंत उतरतो. ६० टक्के कूलंट आणि ४० टक्के पाणी केलं तर उणे ५० च्या खाली. ७० टक्क्यांच्या पुढे संरक्षण पुन्हा कमी होऊ लागतं. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे, त्यामुळे घट्ट मिश्रणाने इंजिन उन्हाळ्यात तापेल. बहुतेकांना निम्मं-निम्मं पुरतं. पाणी डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड घ्या, नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात.

वर्षभर ‘लेव्हल कमी झाली’ म्हणून साधं पाणी ओतत गेलेल्या गाडीत मिश्रण किती पातळ झालंय हे बघून कळत नाही. हायड्रोमीटरने मोजा. समजा, एकूण ६ लिटर मावतं आणि माप ३० टक्के कूलंट दाखवतं, म्हणजे गोठणबिंदू जेमतेम उणे १५. ते ५० टक्क्यांवर आणायला सुमारे १.७ लिटर काढून तितकंच निव्वळ कूलंट भरावं लागेल. वरून लिटरभर ओतायला जागाच नसते, काढल्याशिवाय प्रमाण सुधारत नाही.

पूर्ण बदलताना एक चूक सर्रास होते. रेडिएटरचा नळ उघडला तरी इंजिन ब्लॉक आणि हीटर कोअरमध्ये (केबिनची हवा गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) दोन-तीन लिटर तरी राहतंच. पाण्याने फ्लश केलं असेल तर ते राहिलेलं सगळं पाणीच असतं. त्यावर तयार निम्मं-निम्मं मिश्रण भरलं की प्रमाण ३०-३५ टक्क्यांवर येतं. म्हणून फ्लशनंतर पुस्तकातल्या एकूण क्षमतेच्या निम्मं निव्वळ कूलंट आधी भरा आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने. मग हवा काढा, इंजिन गरम करा, थंड झाल्यावर लेव्हल पुन्हा बघा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. सांडलेलं कूलंट लगेच पुसा : ते चवीला गोड आणि जहरी असतं, मुलं आणि पाळीव जनावरं चाटतात.

प्रश्न : अर्धा तास गाडी चालवूनही तापमानाचा काटा वर येत नाही, हीटरमधून कोमट हवा येते. ॲव्हरेजही पडलंय.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. तो साधारण ८२ ते ९० अंशांना उघडायला हवा. तुमच्या गाडीत तो कायम उघडा आहे आणि कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतंय. खात्री करायला थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरचा वरचा पाइप हाताने अधूनमधून चाचपा, बोटं पंख्यापासून लांब ठेवून. चांगल्या थर्मोस्टॅटवर पाइप बराच वेळ गारच राहतो आणि मग अचानक गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट बदला. इंजिन थंड राहिलं की संगणक पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं ते म्हणून. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावू नका, घाटात इंजिन तापेल तेव्हा तो आठवणार नाही.

काटा बरोबर मध्यावर येत असून हवा गार असेल तर गोष्ट वेगळी. हीटरला जाणारे दोन पाइप चाचपा. एक गरम, दुसरा गार असेल तर हीटर कोअर तुंबलाय किंवा कूलंट कमी आहे. दोन्ही गरम असतील तर डॅशबोर्डातली हवेची झडप फिरत नाही. उभ्या गाडीत गार आणि रेस केल्यावर गरम हवा येत असेल तर आधी कूलंटची लेव्हल बघा, आत हवा अडकलेली असते.

प्रश्न : सकाळी टायर प्रेशरचा दिवा लागतो, दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर विझतो. सेन्सर खराब झालाय का?

सेन्सर बरोबर आहे, हवा कमी आहे. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण दीड ते दोन पीएसआयने उतरते. उबदार बंद गॅरेजात २० अंशांना ३२ पीएसआय भरून गाडी उणे १० मध्ये उभी केली, तर सकाळी गेजवर २७ च्या आसपास दिसेल. चालवल्यावर टायर तापतो, आकडा वर चढतो आणि दिवा विझतो. विझला म्हणून विसरू नका. गाडी किमान तीन तास उभी असताना, बाहेरच्या थंडीत, पुस्तकातल्या आकड्याइतकी हवा भरा. स्टेपनीही मोजा. बर्फावर पकड वाढावी म्हणून हवा कमी ठेवण्याचा सल्ला रस्त्यासाठी चुकीचा आहे. टायरच्या कडा झिजतात, मधल्या खाचा मिटतात आणि ओल्या रस्त्यावर टायर पाणी बाजूला सारू शकत नाही.

प्रश्न : गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. पुढचे दोनच विंटर टायर घेतले तर चालतील का?

चालणार नाहीत, आणि ही काटकसर चारही साधे टायर ठेवण्यापेक्षा धोक्याची ठरू शकते. पुढची चाकं रस्ता धरतात, मागची धरत नाहीत. वळणावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला किंवा ब्रेक दाबला की मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. चारही एकसारखे घ्या.

साध्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागतं, विंटर टायरचं मऊ राहतं. नक्षीपेक्षा फरक पडतो तो रबराने. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह शोधा, ते बर्फावरची चाचणी पार केल्यावरच मिळतं. नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलं असेल तर ते नक्षीच्या आकाराबद्दल आहे, चाचणीबद्दल नाही. अनेक देशांत खाचांची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर असली तरी बर्फासाठी ४ च्या खाली गेलेला टायर गोटाच समजा. वयही बघा : ‘३२२३’ म्हणजे २०२३ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. चाकं बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा.

साखळ्या घेणार असाल तर त्या इंजिनची ताकद जिथे जाते त्या चाकांवर लावायच्या, तुमच्या गाडीत पुढच्या. दिवसाउजेडी, कोरड्या जागी एकदा लावून बघा. बर्फात गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा लावायला गेलात तर हुक सापडणार नाही. काहीशे मीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताणा. वेग ५० च्या आत ठेवा आणि डांबर दिसू लागलं की काढा.

प्रश्न : सकाळी इंजिन किती वेळ गरम करावं? वडील दहा मिनिटं म्हणतात.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ते लागायचं. आजच्या गाडीत ३० सेकंद ते एक मिनिट पुरे. तेवढ्यात ऑइल वरपर्यंत पोहोचतं. मग निघा आणि काटा हलेपर्यंत हलक्या पायाने चालवा. उभ्या गाडीत इंजिन फार सावकाश तापतं, तोवर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळतं. अपवाद एकच : काच पूर्ण साफ होईपर्यंत निघू नये. गॅरेज बंद असताना इंजिन चालू ठेवू नका, शटर अर्धं उघडलं तरी कार्बन मोनॉक्साइड साठतो.

ऑइलच्या ग्रेडमध्ये ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा असतो. १५डब्ल्यू ऑइल उणे २५ पर्यंत पंपाने खेचलं जाईल असं तपासलेलं असतं, ५डब्ल्यू उणे ३५ पर्यंत, ०डब्ल्यू उणे ४० पर्यंत. पुस्तकात तुमच्या तापमानाला जो ग्रेड दिलाय त्याबाहेर जाऊ नका.

प्रश्न : डिझेल गाडी थंडीत चालू होते, मिनिट-दोन मिनिटं चालते आणि बंद पडते. नंतर कितीही सेल्फ मारा, धरत नाही.

डिझेलमधलं मेण गोठलंय. थंडीत आधी डिझेल ढगाळ दिसू लागतं, मग मेणाचे कण फिल्टरच्या कागदावर बसतात. फिल्टरच्या पुढे जेवढं डिझेल असतं तेवढ्यावर इंजिन चालतं, ते संपलं की बंद. सेल्फ मारत राहू नका. उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, कोरडा फिरला तर तो खरवडतो आणि त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो.

गाडी ढकलत किंवा ओढून उबदार जागी न्या, काही तास राहू द्या आणि फिल्टर बदला. हिवाळ्याचं डिझेल मिळत असेल तर थंडीच्या आधीच टाकीत तेच असू द्या. उन्हाळ्यात भरलेलं उरलेलं डिझेल पहिल्या कडाक्यात दगा देतं. मेण रोखणारं ॲडिटिव्ह डिझेल अजून पातळ असताना, भरण्याच्या आधी टाकीत ओतायचं म्हणजे मिसळतं. धरलेलं मेण ते वितळवत नाही. रॉकेल मिसळण्याचा जुना उपाय कॉमन रेल (फार उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या नव्या) गाडीत करू नका, त्याने वंगण कमी होतं. पेट्रोल तर नकोच.

फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. हिवाळ्याआधी त्याखाली काचेची बरणी धरून थोडं डिझेल सोडा आणि पाच मिनिटं बाजूला ठेवा : पाणी तळाला वेगळं दिसतं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. हेच पाणी पहिल्या रात्री गोठून वाट अडवतं.

गाडी चालू होते पण पहिली काही सेकंद थरथरते आणि पांढरा धूर सोडते, असं असेल तर ग्लो प्लग (थंड इंजिन चालू होताना आत उष्णता देणाऱ्या कांड्या) बघा. वायर काढून मल्टिमीटरने प्लगच्या टोकापासून इंजिनापर्यंत रोध मोजा. चांगल्या प्लगचा एक ओहमच्या आसपास असतो. मीटर ‘अनंत’ दाखवत असेल तर तो प्लग मेला. ॲडब्लू (धुरातलं प्रदूषण कमी करायला काही डिझेल गाड्यांत वेगळ्या टाकीत भरायचा द्रव) उणे ११ ला गोठतं, पण टाकीत त्याचा स्वतःचा हीटर असतो. त्यात काहीही मिसळू नका.

प्रश्न : हीटर लावला की काच आतून आणखी धूसर होते. पुसली की पुन्हा तेच.

हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण चालू आहे का ते आधी बघा. दहापैकी बऱ्याच गाड्यांत एवढंच असतं. श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ आतच घुमते, हीटर ती आणखी उडवतो आणि ती थंड काचेवर बसते. बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्या, हवा काचेकडे वळवा, उष्णता पूर्ण करा आणि एसीही लावा. थंडीत एसी विचित्र वाटेल, पण हवेतलं पाणी एसीच काढतो आणि मग हीटर ती कोरडी हवा गरम करतो. तापमान शून्याजवळ गेलं की कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला बंद राहतो. तेव्हाही काळजी नाही, कारण इतक्या थंड हवेत वाफ मुळातच कमी असते, ती तापवली की काच सुकवते.

हे करूनही धुकं येत असेल तर आत पाणी कुठून येतंय ते शोधा. पायाखालची मॅट उचला आणि कार्पेटवर वर्तमानपत्राची घडी ठेवून गुडघ्याने दाबा. वरून कोरडं लागणारं कार्पेट खालच्या स्पंजात लिटरभर पाणी धरून असू शकतं, कागद ते लगेच दाखवतो. चालकाच्या शेजारच्या बाजूला ओल असेल तर वायपरखालच्या जाळीत पानं अडकून पाणी वाहून जायची वाट बुजली आहे का ते बघा. ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवरचा थर पुसल्यावर फराटे उठत असतील तर हीटर कोअर गळतोय. कूलंटची लेव्हल तपासा. केबिन फिल्टर कधी बदललाय हेही आठवा, तुंबलेल्या फिल्टरमधून काच सुकवण्याइतकी हवाच येत नाही.

काच आतून धुवा. प्लॅस्टिकमधून सुटणाऱ्या वाफांचा आणि हातांचा तेलकट थर असला की त्यावर धुकं पटकन धरतं.

प्रश्न : काचेवरचा बर्फ गरम पाणी ओतून काढला तर?

काच तडकेल. आधीच बारीक टवका उडालेली असेल तर नक्कीच. प्लॅस्टिकचा खरवडा वापरा आणि वायपरच्या पाण्यात गोठणार नाही असं वॉशर फ्लुइड भरा. भरल्यावर एकदा फवारा सोडा म्हणजे नळीतलं साधं पाणी निघून जाईल. गोठलेले वायपर मोटरने सोडवू नका, ते हाताने मोकळे करून मगच चालू करा, नाही तर फ्यूज जातो किंवा सांध्यातला दांडा निसटतो.

प्रश्न : सकाळी हँडब्रेक खाली केला तरी मागची चाकं सुटली नाहीत.

केबलच्या आवरणात शिरलेलं पाणी गोठलं, किंवा ओले ब्रेक लायनर ड्रमला चिकटले. जोर लावून ओढू नका, लायनर सुटून येईल. हलकेच मागे-पुढे करा, नाही तर ड्रमवर कोमट हवा सोडा. पुढच्या रात्री सपाट जागी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक ओढू नका. केबलचं रबरी टोपण फाटलंय का ते बघा, पाणी तिथूनच जातं. दारांची रबरं चिकटत असतील तर पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीची रेंज हिवाळ्यात खूप घटली. बॅटरी खराब होतेय का?

बहुधा नाही. पेट्रोल इंजिनाची वाया जाणारी उष्णता केबिनला फुकट मिळते, इथे ती बॅटरीतूनच काढावी लागते. वर थंड सेल कमी वीज देतात. ऊन परतलं की रेंजही परत येते. निघण्याआधी, गाडी चार्जरला लावलेली असतानाच केबिन आणि बॅटरी गरम करून घ्या, म्हणजे ती वीज बॅटरीतून जाणार नाही. प्रवासात केबिनची हवा थोडी कमी ठेवून सीटचा आणि स्टिअरिंगचा हीटर लावा, ते फार कमी वीज घेतात. फास्ट चार्जिंग सकाळी गार बॅटरीवर करण्यापेक्षा प्रवासाच्या शेवटी करा. शून्याखाली भराभर चार्ज केल्यास लिथियम धातूच्या रूपात साठू लागतं, म्हणून गाडी स्वतःच वेग कमी करते. याच कारणाने पाय काढल्यावर लागणारा रीजनरेशनचा ब्रेकही सकाळी कमी जाणवेल, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा. आणि या गाडीतही १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. ती बसली की दारंही उघडत नाहीत, तिची तपासणी पहिल्या उत्तराप्रमाणेच.

प्रश्न : बर्फात गाडी अडकली आणि रात्र काढावी लागली तर हीटर चालू ठेवावा का?

ठेवता येईल, पण आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. बर्फाने ते बुजलं की धूर गाडीखाली साठतो आणि फटींतून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपेत कळतही नाही. तासातून दहा मिनिटंच इंजिन चालू ठेवा, दर वेळी चालू करण्याआधी तोंड पुन्हा साफ करा. वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूची काच बोटभर खाली ठेवा. डोकं दुखू लागलं किंवा मळमळलं तर लगेच इंजिन बंद करून दारं उघडा. हिवाळ्यात टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका, आणि एक लहान फावडं डिकीत नको, आत सीटमागे ठेवा. बर्फ साचला की डिकी उघडत नाही.